विजयभैय्यांचा सारखा आवाज

विजयसिंह गाणं म्हणायला आले तेव्हा माझ्या स्टुडिओबाहेर चपला ठेवायलाही जागा उरली नाही. घाटनांदूरच्या बाजारात माझी एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे माइक. गाणारा एक आणि वाहवा करणारे डझनभर. बेसूर माणसाचा मला राग नाही, बेसूरांवरच माझं पोट चालतं. पण ह्या गृहस्थाला आपण गातो असं मनापासून वाटतं, त्याचा मात्र संताप येतो.

गाणं वडिलांच्या, म्हणजे मोहनरावांच्या वाढदिवसाचं. आमच्याकडं ह्या गाण्यांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या कडव्यात नेता वाघ, दुसऱ्यात सूर्य, तिसऱ्यात कार्यकर्त्यांची नावं. गाण्यात नाव आलं की माणूस वर्षभर सतरंज्या उचलतो. इतका स्वस्त मजूर दुसरीकडं कुठं मिळत नाही.

मागच्या वर्षी विरोधकांनी उठवलं होतं की गायक पुण्याहून आणला, भैय्यांनी नुसते ओठ हलवले. शुद्ध खोटं. इतकं वाईट गाणारा माणूस पुण्याहून कोण आणेल? पण ते भैय्यांना फार लागलं होतं.

"औंदा माज्या आवाजाला कात्री लावायची न्हाई," त्यांनी बजावलं. "श्वास सुदिक कापायचा न्हाई. लोकायला कळू दे, म्या सोता गायलोय."

आणि मग ते गायले. वडिलांचं नाव आलं की माइक गिळायचे, कार्यकर्त्यांचं नाव आलं की तोंड फिरवून गहिनीनाथच्या मोबाइलकडं बघायचे. गहिनीनाथ म्हणजे त्यांचा सावलीसारखा फिरणारा माणूस, आत उभा राहून रील काढत होता. मोठी नावं कान फाडत होती, छोटी नावं गायबच होत होती. वर फर्मान सुटलं, "आवाज सगळीकडं सारखा पायजे."

आवाज सारखा करायला कॉम्प्रेशन लावतात. जो आवाज डोकं वर काढतो त्याला दाबायचं, मग सगळं मिळून वर उचलायचं. मोठ्याचा मोठेपणा जातो आणि बारीक असतं ते कानाशी येतं.

"भैय्या, असं केलं की मधलं बारीकसारीकबी वर येतंय," मी म्हणालो. "मधल्या मोकळ्या जागा साफ कराव्या लागतेल."

"कावून? सांगितलं ना बे, कात्री न्हाई!"

रेकॉर्डिंग संपलं, वऱ्हाड गेलं, मी कॉम्प्रेशन लावून ऐकायला बसलो. तिसऱ्या कडव्यात मोहनरावांच्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्याची, 'आसारामकाका आमची शान' ही ओळ झाली, एक जोरदार श्वास आला आणि मागोमाग भैय्यांचंच बोलणं. गाताना गहिनीनाथकडं वळून ते पुटपुटले होते, तेव्हा मला ऐकूही आलं नव्हतं. आता एकेक शब्द स्वच्छ होता. "ह्या म्हाताऱ्याला आजून किती दिस पोसायचं बे?"

गाणं घ्यायला भैय्या आले ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. इंजिन चालूच ठेवून मोबाइलवर पहिलं कडवं ऐकलं आणि म्हणाले, "एक नंबर!"

"तिसरं कडवं हेडफोन लावून ऐका, भैय्या. नीट ऐका."

"मला गाणं शिकवतो का बे?"

गाडी गेली. गाडीमागं धावून सांगता आलं असतं. नाही धावलो. ज्याला स्वतःचंच बोलणं ऐकायचं नाही, त्याच्यासाठी मी का म्हणून धावायचं?

वाढदिवसाला मांडव भरला होता, पण खरं कारण वेगळं होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी घरचा उमेदवार ठरायचा होता. मोहनरावांच्या घरी ह्याचं एक सोंग असतं. घरातलं नाव घरातल्यानं घ्यायचं नाही. दर निवडणुकीला आसारामकाका उभे राहून नाव सुचवणार, मोहनराव 'नको नको' म्हणत हात जोडणार, लोक टाळ्या वाजवणार आणि मग ते जनतेच्या आग्रहापुढं नमणार. औंदा काकांनी विजयसिंहांचं नाव घ्यायचं होतं. भैय्या आधीच हार घालून बसले होते. काकांनी नाव घेतलं नसतं तर त्या हाराला काही अर्थ नव्हता.

मिक्सरवर मी होतो. गाणं लागलं. तिसऱ्या कडव्यात काकांचं नाव आलं आणि पाठोपाठ ते वाक्य, अगदी वडिलांच्या नावाइतकंच मोठं. पुढच्या रांगांतल्या माना काकांकडं वळल्या. बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मोहनराव गुच्छ घेण्यात गुंतले होते, त्यांना पत्ताच नव्हता.

काका फेटा सावरत माझ्या टेबलाशी आले. "त्रिंबक, तेवढं परत लाव."

मी मोहनरावांकडं पाहिलं. म्हाताऱ्याला आपलं नाव पुन्हा ऐकायची हौस असेल, असं त्यांना वाटलं. "लाव की! काकाचं नाव हाय!" ते हसत म्हणाले.

मी लावलं. ह्या वेळी मोहनरावांनीही ऐकलं. हातातला गुच्छ कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना. भैय्या माझ्याकडं असे बघत होते, जसं काही ते शब्द मीच त्यांच्या तोंडात घातले होते.

काकांनी माइक घेतला. त्यांचा आवाज ना चढला, ना पडला.

"मोहनराव, मला तुमी कवा पोसलं? तुमच्या सभेला येताना मी माजी भाकर माज्या घरून बांधून आणायचो. आज नाव सुचवायचं हाय. ते तुमच्या पोसलेल्या माणसानं सुचवावं. हितं कुणी असंल तर त्यानं उठावं."

काका जागेवर जाऊन बसले. मांडवात कुणी हलेना. भैय्यांनी गळ्यातला हार चाचपला आणि शेजारी कोपरानं ढोसलं.

गहिनीनाथ उठला.

सगळा मांडव हसत सुटला. पुढचे हसले, मागचे हसले, आचारी झारा हातात घेऊन बघायला आले आणि तेही हसले. गहिनीनाथ तोंड उघडून तसाच उभा होता, आपण काय केलं ते त्याला अजून कळलं नव्हतं. मोहनरावांनी हातानंच त्याला खाली बसवलं आणि माइक न घेताच म्हणाले, "जेवणं सुरू करा."