ओरिनच्या हॅटचा मोड

हॅट बिघडली माझ्या हातानं, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचा प्रश्नच नाही. रोली हॉगन, आमच्या दुकानाचा मालक, मला दोनदा म्हणाला, "डार्ला, जाऊ दे गं, चूक कुणाकडूनही होते." होत असेल. माझ्याकडून व्हायला नको होती. सव्वीस वर्षं मी या दुकानात हॅटांना वाफ देते आहे.

बूट, पट्टे, टिचबटणांचे शर्ट वगैरे बाकीची पोरं विकतात. हॅटांचा कोपरा माझा. उन्हाळ्यात शहरातून पाहुणी गिऱ्हाइकं येतात, आरशापुढे अर्धा तास उभी राहतात आणि 'मी यात खरा काउबॉय दिसतो का?' असं मला विचारतात. मी 'दिसता हो' म्हणते. पोटासाठी माणूस काय काय बोलतो. एकजण तर एका नाचात झिजवलेले बूट परत घेऊन आला होता, वर म्हणतो, 'घातलेच नाहीत.' टाचेला शेण होतं.

पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुणे नसतात. तेव्हा येतात ती आमची माणसं, रँचवरची. गाई विण्याचे दिवस, कुणाची रात्रीची झोप झालेली नसते, कुणी फार बोलत नाही. पूर्व मोंटानात माणूस आधी हॅटवरून ओळखायचा, मग चेहऱ्यावरून. अर्ध्या मैलावर कुंपणाशी कुणी उभा असला, तर टोपाची, म्हणजे वरच्या उंच भागाची, खाच किती खोल, टोपाला पुढून घेतलेले चिमटे किती रुंद, कड कुठल्या बाजूला झुकलेली, एवढ्यावर आम्ही त्याचं नाव सांगतो. यालाच आम्ही हॅटचा मोड म्हणतो. विकत घेताना मोड दुकानदार घालून देतो, पण वर्षभरात तो घालणाऱ्याच्या हाताचा होतो. म्हणून धंद्याचा पहिला नियम असा: जुनी हॅट वाफेवर धरायच्या आधी तिचा मोड कागदावर काढून ठेवायचा, चारी बाजूंनी. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवते.

सोमवारी व्हर्ना ट्वेट हॅट ठेवून गेली तेव्हा मी दाताच्या डॉक्टरकडे होते. रोलीनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ट्वेट. वास काढणे.' एवढंच. हॅट गाईंच्या गोठ्यात पडून तुडवली गेली होती, तिला व्यायलेल्या गाईचा वास येत होता. उत्तम फेल्टची, म्हणजे बीव्हरचे केस दाबून केलेल्या जाड कापडाची, तीस-एक वर्षांची हॅट. चपटी झालेली, एका बाजूनं वाकडी. मला वाटलं, नुसता वास काय काढायचा, चांगली नवी करून देऊ. व्हर्नाचा नवरा ओरिन म्हणजे म्हातारा जुना माणूस, खूश होईल. आणि कागद-पेन्सिल घ्यायला मी विसरले नाही, मला ती घ्यावीशी वाटली नाही. ट्वेटची हॅट मला माहीत नाही का, असं मनात आलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी टोप पूर्ण उघडला, घासला, वाफ दिली आणि आमच्या भागात चालतो तसा सरळ, नीटस मोड घातला. कपाटावर ठेवून चार पावलं मागे जाऊन पाहिलंसुद्धा.

गुरुवारी दुपारी व्हर्ना आली ती ओरिनला घेऊनच. ती ऐंशी-बयाऐंशीची, काटक, हातात गाडीच्या किल्ल्या घट्ट धरलेल्या. तो तिच्यामागे, बोडका. ओरिन ट्वेटला मी आयुष्यात बोडका पाहिला नव्हता. भुवयांपर्यंत चेहरा रापलेला आणि वर कपाळ दुधासारखं पांढरं. मला एकदम लाज वाटली, न सांगता कुणाच्या न्हाणीत शिरावं तशी.

"झाली का गं?" व्हर्नानं विचारलं.

मी हॅट काउंटरवर ठेवली. ती बघत राहिली.

"ही कुणाची?"

"तुमचीच की. ओरिनची."

तिनं हॅट उचलून आतली चामडी पट्टी पाहिली. ओ. टी. अशी अक्षरं होती. मग तिनं हॅट खाली ठेवली आणि काउंटरची कड धरली.

"मी रोलीला फक्त वास म्हटलं होतं," ती म्हणाली. "फक्त वास, डार्ला."

ओरिननं हॅट हातात घेतली, फिरवून पाहिली आणि मला परत दिली. "छान हॅट आहे," तो अगदी अदबीनं म्हणाला. "ज्याची असेल तो नशीबवान." आणि बुटांच्या खोक्यांमागे वाकून काहीतरी शोधू लागला.

तेव्हा व्हर्नानं मला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, त्यानं जास्त लागलं. दोन वर्षं ओरिनच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आधी नातवंडं, मग गाईंचे नंबर, मग मुलगी. संध्याकाळ झाली की तो उठायचा, 'मला घरी जायचंय' म्हणत दाराकडे जायचा. दाराशी खुंटीवर त्याची हॅट असायची. ती दिसली की थांबायचा. 'हॅट इथे आहे, म्हणजे मी घरीच आहे,' असं स्वतःशी म्हणायचा आणि परत येऊन बसायचा. रोज. कुलूप नको, औषध नको, एक हॅट पुरे.

"सोमवारपासून खुंटी रिकामी आहे," ती म्हणाली. "सोमवारी रात्री तो दीड मैल चालत गेला. तापमान वजा बारा होतं. काल परत. शेरीफचा माणूस म्हणाला, 'आजी, पुढच्या वेळी आम्हाला तो जिवंत सापडायचा नाही.' शनिवारी मुलगी बिलिंग्जहून येतेय, तिकडच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय तिनं. मी तिला म्हटलं, हॅट गुरुवारी येतेय. हॅट आली की मी सांभाळते त्याला. तू कागदावर सही करू नकोस."



रोली धावत आला. दुकानातली सगळ्यात भारी हॅट पेटीतून काढून म्हणाला, "व्हर्ना, ही घे, माझ्याकडून."

"रोली, मला हॅट नकोय," ती म्हणाली. "मला तो घरी हवाय."

मी वाफेचं यंत्र तापत ठेवलं. "बसा इथे," मी व्हर्नाला म्हटलं, "आणि सांगा. मी घालते परत तसाच."

"खाच मधोमध नव्हती. जरा... डावीकडे."

मी वाफेवर टोप मऊ केला, खाच डावीकडे घेतली.

"इतकी नाही. आणि पुढे चिमटा... एकच बाजू खोल. कुठली बरं?" तिनं हवेत हात केला, जणू त्याचं डोकं तिथे आहे. हात थांबला. "अगं, रोज बघत होते मी. साठ वर्षं!"

व्हर्नानं फोनमधले जुने फोटो उघडले. नातीच्या लग्नातला, वासराबरोबरचा, केक कापतानाचा. सगळीकडे चेहरा आणि कड. टोप फोटोच्या बाहेर. वरून माणसाचा फोटो कोण काढतो?

दुसऱ्यांदा घातला. तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी मी हॅट ओरिनपुढे धरायची आणि तो प्रत्येक वेळी तितक्याच सभ्यपणे म्हणायचा, "छान आहे. पण माझी नाही ही." चौथ्या खेपेला फेल्ट बोटांखाली दमल्यासारखा लागायला लागला. फेल्ट म्हणजे पत्रा नव्हे. पुन्हा पुन्हा वाफ दिली की त्यातला जीव जातो, मग तो कुठलाच मोड धरत नाही. हे मी व्हर्नाला सांगितलं नाही. मनातल्या मनात मात्र देवाला म्हणत होते, एवढं कर, पुन्हा कधी कुणाच्या हॅटला न विचारता हात लावणार नाही.

"चिमटा जरा वर," व्हर्ना म्हणाली. मग, "नाही, खाली." मग तिनं तोंडावर हात घेतला. "मला आठवत नाही, डार्ला. मलासुद्धा आठवत नाही."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि रोली ओरडला. ओरिन बाहेर गेला होता, भर रस्त्यात, वाऱ्यात, नुसत्या शर्टावर. गुरांचा एक ट्रक भोंगा वाजवत त्याच्या हातभर अंतरावर थांबला. मी धावत जाऊन त्याची बाही धरली. म्हाताऱ्याच्या अंगात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं, त्यानं मला असं ढकललं की मी कडेच्या एका गाडीवर आपटले.

"सोड मला! माझी हॅट नेलीय कुणीतरी. हॅटशिवाय मी घरी कसा जाऊ?"

"ओरिन, अरे माझ्याकडे बघ," व्हर्ना म्हणत होती. "मी आहे ना. ओरिन!"

तो तिच्याकडे बघत नव्हता. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत होता. ट्रकवाला खाली उतरला, मग आम्ही चौघांनी मिळून त्याला आत आणलं. व्हर्नाच्या नाकातून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

आता शेवटची वाफ. आणखी एकदा दिली असती तर हॅट म्हणजे पोतेरं झालं असतं.  माझ्या हातांवर माझा भरवसा उरला नव्हता, व्हर्नाच्या आठवणीवर तिचा उरला नव्हता. मग सुचलं ते असं की ज्याचा मोड त्यानंच घालावा. मी टोप पूर्ण उघडला, घमेल्यासारखा गोल केला आणि वाफाळती हॅट सरळ ओरिनच्या हातात दिली.

"ओरिन, नवी हॅट आलीय. मोड घालून घ्या तुमच्या हातानं. गरम आहे तोवर."

 मग त्याचे अंगठे आत गेले. बोटं बाहेर. कुणाला शिकवावं लागलं नाही. उजव्या हाताच्या कडेनं त्यानं वर खोल खाच मारली, पुढे दोन्ही बाजूंनी दोन घट्ट चिमटे घेतले, मागची कड गुडघ्यावर दाबून वर वळवली. पुरतं एक मिनिटही लागलं नाही. फेल्टनं मोड धरला. त्यानं हॅट डोक्यावर ठेवली, बोटानं जरा खाली ओढली आणि आरशात पाहिलं. पांढरं कपाळ झाकलं गेलं. पाठ सरळ झाली.

"हं," तो म्हणाला. "ही माझी."

रोलीनं टाळीच वाजवली. मी रडायला लागले होते. व्हर्नाकडे पाहिलं तर ती हसतही नव्हती, रडतही नव्हती.

"हा नाही तो मोड," ती हळूच म्हणाली.

"पण तो म्हणतोय ना, व्हर्ना—"

"त्याचाच आहे. लग्नाआधीचा." ती त्या हॅटवरून नजर काढत नव्हती. "मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा असाच होता. मी त्याला हसले होते, म्हटलं, काय हे, डोक्यावर कोळशाचं फावडं घेऊन फिरतोस. दुसऱ्या दिवशी मोड बदलून आला. माझ्यासाठी. मग साठ वर्षं प्रत्येक हॅटला तोच ठेवला."

मला त्या वेळी नीट कळलं नाही. कळलं ते तिनं त्याच्या दंडाला हात लावल्यावर.

"चल ओरिन, घरी जाऊ."

त्यानं वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. इतका मोकळा चेहरा मी त्याचा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. आमच्याकडची मुलं परक्या बाईला पाहिल्यावर करतात तसं त्यानं हॅटच्या कडेला दोन बोटं लावली आणि हलकेच दंड सोडवून घेतला.

"माफ करा हं बाई. मला निघायला हवं. आई जेवायची थांबली असेल."

रोली काहीतरी बोलायला गेला, मी त्याला कोपर मारलं. ओरिन दाराकडे चालायला लागला होता. ताठ, तरण्या माणसासारखा. या हॅटनं तो निघणार होता, आज, उद्या, रोज, आणि जिथे निघणार होता ते त्याच्या आईचं घर पन्नास वर्षांपूर्वी जळालं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. खुंटीवर ही हॅट दिसली तरी तो थांबणार नव्हता. त्या घरातली त्याची खुंटी दुसरीच होती.

व्हर्नानं नाक पुसलं. स्कार्फ नीट केला. केसांवरून हात फिरवला, आरशात नाही पाहिलं. मग ती भराभर चालत त्याच्या पुढे गेली आणि दारात उभी राहिली.

"कुठल्या बाजूला चाललात?" तिनं विचारलं.

"सॉरेल क्रीकला. ट्वेटांकडे."

"मी तिकडूनच जाणार आहे. सोडते की तुम्हाला."

तो जरा घुटमळला. अनोळखी बाईच्या गाडीत बसावं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आपली ओळख नाही," तो म्हणाला. "तुम्ही कुणाकडच्या?"

तिचे ओठ दोनदा हलले. मग तिनं माहेरचं नाव सांगितलं.

"स्ट्रँड. व्हर्ना स्ट्रँड."

"ओरिन ट्वेट," तो म्हणाला, आणि तिला आधी जाऊ देण्यासाठी त्यानं दार उघडून धरलं.