मुलग्याची पुडी

वैद्यबुवांचं दुकान उघडलं की गल्लीला न सांगता कळायचं. फळ्या बाजूला सरकल्या की सुंठ, ज्येष्ठमध, बडीशेप आणि वाळलेला पुदिना यांचा एकवटलेला वास रस्त्यावर यायचा. समोरचा घड्याळदुरुस्तीवाला छाती भरून श्वास घ्यायचा आणि ओरडायचा, "बुवा, झाली माझी सर्दी बरी. फुकटात!"

"फुकट कसली? संध्याकाळी माझं घड्याळ बघायचं," बुवा आतून म्हणायचे.

त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक निवृत्त मास्तर. खोकून खोकून डोळे लाल झाले होते. बुवांनी त्यांना बाकावर बसवलं, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "रात्री घाम सुटतो?"

"सुटतो."

"कपडे सैल व्हायला लागलेत?"

मास्तर हसले. "बायको तेच म्हणते."

"मग मास्तर, तुम्ही चुकीच्या दारात आलात. आधी सरकारी दवाखान्यात जा, छातीचा फोटो काढून घ्या. आल्याचा रस आणि मध मी देईन, पण ते तिथून आल्यावर. नुसत्या रसावर राहिलात तर मला पाप लागेल."

असा हा माणूस. पोट दुखणाऱ्याला ओवा, भाजलेल्या हाताला कोरफडीचा गर, झोप उडालेल्या म्हातारीला दोन शब्द जास्त. आपल्याला जमेल ते करायचं आणि जमणार नाही ते हात जोडून सांगायचं. त्यांच्या वडिलांनी लावलेलं दुकान त्यांनी चाळीस वर्षं सचोटीने चालवलं होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

दुकानामागच्या खोलीत त्यांची सून दगडी खलबत्त्यात औषधं कुटायची. लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूबाईंच्या मनगटात कळा यायला लागल्या आणि बत्ता सुनेच्या हातात आला. कुटायचं, तलम कापडातून गाळायचं, बरण्यांत भरायचं. दोन मुली खोलीच्या उंबऱ्यावर बसून बडीशेप निवडायच्या. थोरली शहाण्यासारखी निवडायची आणि धाकटी, जिला सगळे ठमी म्हणत, ती निवडण्यापेक्षा खायची जास्त.

एकच औषध असं होतं की ते कुटायच्या वेळी मुलींना बाहेर काढलं जाई. त्यात एक काळं, कडू बी होतं आणि पितळी डबीतली करडी राख होती. बुवा स्वतः मोजून आणून द्यायचे आणि दरवेळी बजावायचे, "सूनबाई, तोंडाला फडकं बांध. श्वासात गेलं की भोवळ येते. आणि कुटून झालं की हात दोनदा धू."

हीच ती मुलग्याची पुडी. लांबलांबून बायका यायच्या तिच्यासाठी. एकट्या क्वचितच, बहुतेकींच्या मागे सासू नाहीतर जाऊ. दिवस राहिल्यावर दुसरा महिना सरायच्या आत, तीन दिवस सकाळी अनशेपोटी, दुधातून घ्यायची.

मुलगा झाला की घरची मंडळी पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात यायची. मुलगी झाली की बुवा शांतपणे विचारायचे, "पथ्य पाळलं होतं का? आंबट खाल्लं नाही ना? पुडी घेताना मनात शंका तर नव्हती?" कुठल्या बाईने नऊ महिन्यांत एकदाही आंबट खाल्लेलं नसतं? तिथेच ती सापडायची. मान खाली घालायची आणि घरी जाऊन वर्षभर बोलणी खायची. पुडी कधीच हरत नसे. हरायची ती बाई.

"पुरावा हवा?" बुवा आपल्या एकुलत्या एका मुलाकडे बोट दाखवायचे. तो हिशेबाच्या गल्ल्यावर बसलेला असायचा. "याच्या आईची दोन बाळंतपणं वाया गेली. तिसऱ्या वेळी मी पुडीची मात्रा वाढवली. हा बघा, समोर बसलाय, घोड्यासारखा!"

मुलगा ओशाळून हसायचा. सासूबाई तेवढ्यात काहीतरी आठवल्यासारख्या आत निघून जायच्या.

सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात सणासारखी गडबड उडाली. बुवांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. रात्री जेवताना ते स्वतः उठून तिच्या ताटात वाढायला लागले. सून म्हणून तिचा त्यांनी कधी अपमान केला नव्हता. ठमी झाली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "असू दे, पुढच्या वेळी वेळेवर सांग म्हणजे झालं." त्या खेपेला तिने उशिरा सांगितलं होतं. पुडीची वेळ टळून गेली होती.

या खेपेला वेळ टळली नाही.

"अहो, मला नको ती पुडी," तिने खोलीचं दार लोटून नवऱ्याला सांगितलं. "मी कुटते ती. नुसत्या वासाने माझे हात थरथरतात. पोटात कशी घालू?"

"अगं, इतक्या बायका घेतात."

"त्यांनी कुटलेली नसते."

नवरा पलंगाच्या कडेला बसला. माणूस वाईट नव्हता, पण वडिलांपुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. "बाबांचं मन मोडू नकोस. आणि लोक काय म्हणतील? वैद्याच्या सुनेनेच पुडी घेतली नाही? दुकान बंद करावं लागेल. तीन सकाळींचा तर प्रश्न आहे."

"आईंना विचारू का?"

"विचार की."

सासूबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. सुनेने विचारलं, तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं असावं, पण तेवढ्यात बुवांचा आवाज आला, "अगं, दूध तापलं का?" आणि त्या पुन्हा भांडं घासू लागल्या. "घे बाई," त्या पुटपुटल्या. "घरात शांतता राहील."

तिने घेतली. घरचं माणूस म्हणून बुवांनी चिमूटभर जास्तच घातली होती.

दुसऱ्या सकाळीच तिला भोवळ आली. ओकाऱ्या थांबेनात, जीभ जड झाली, बोटांना मुंग्या आल्या. बुवा उशाशी बसून तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत राहिले. "लागू पडतंय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "औषध अंगात भिनतंय. घाबरायचं नाही, बाळा." तिसरी पुडी त्यांनी तिला आपल्या हाताने पाजली.

पुढचे महिने ती उठली-बसली, कुटलं-गाळलं, पण पूर्वीसारखी राहिली नाही. थोरली तिच्याजवळ येऊन म्हणायची, "आई, तू बोलत का नाहीस?"

कळा सुरू झाल्या त्या वेळेआधीच. सरकारी दवाखान्यात नेलं. बाळंतपण अवघड झालं. नर्सने बाळ कापडात गुंडाळलं. मग तिला बाळ दाखवलं. मुलगा होता. नाकडोळे नीटस, डोक्यावर दाट जावळ. पण पाठीचा कणा कंबरेपाशी मिटलाच नव्हता आणि पाय हलत नव्हते. डोळे उघडून तो तिच्याकडे पाहत होता, किंवा तिला तसं वाटलं.

डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. "सुरुवातीच्या दिवसांत काही औषध घेतलं होतंत? झाडपाल्याचं, भस्म, पुडी, काही?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "छे हो. घरचं साधं खाणं."

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. "मी कुणाला रागावत नाहीये. नक्की कशाने झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मुलग्यासाठी म्हणून विषारी बिया आणि भस्मं खाल्लेल्या बायका माझ्याकडे येतात. आणि बाळांची अशी दशा मी पाहते. मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो तेव्हाच ठरून जातं. नंतर पोटात काहीही घाला, ते बदलत नाही. फक्त नासतं. आठवलं तर सांगा."

तिला सगळं आठवत होतं. ती छताकडे पाहत राहिली.

दिवस मावळायच्या आत बाळ गेलं.

घरी आल्यावर काही दिवस ती मागच्या खोलीत नुसती पडून होती. मुली पावलं न वाजवता वावरायच्या. एका सकाळी दुकानातून बोलणं ऐकू आलं. एक म्हातारी कुणाला तरी घेऊन आली होती. "हिला पहिली मुलगीच आहे, बुवा. आता दुसऱ्या खेपेला हात द्या. गुण येतो ना नक्की?"

"गुण?" बुवांचा आवाज खाली आला, पण त्यात अजब अभिमान होता. "आमच्याच घरात बघा. दोन मुलींच्या पाठीवर पुडी दिली आणि मुलगाच झाला. आयुष्य देणं माझ्या हातात नाही, ते देवाच्या हातात. पण झाला मुलगाच."

सून उठून बसली. भिंतीला धरत ती दुकानाच्या दारात आली. म्हातारीशेजारी एक कोवळी पोरगी उभी होती, पोट अजून दिसतही नव्हतं.

"सूनबाई, तू कशाला उठलीस?" बुवा म्हणाले. "आलीस तर बरं झालं. आतल्या बरणीतलं कुटलेलं बी संपलंय, थोडं..."

"मी नाही कुटणार."

"बरं, आज राहू दे."

"आज नाही, उद्या नाही, कधीच नाही." मग ती त्या पोरीकडे वळली. "झालेला मुलगा मी पाहिलाय. त्याची पाठ उघडी होती. माझ्या हाताएवढा होता आणि त्याला रडायलाही जमत नव्हतं. तो या पुडीचा मुलगा. तुला असा हवाय?"

गल्ल्यावरचा नवरा उभा राहिला. "अगं, आत चल. तुझी तब्येत..."

"तुझं नशीब फुटकं, त्याला वैद्य काय करणार?" म्हातारी फणकारली. "पथ्य पाळलं नसशील. बुवांनी स्वतःचा मुलगा याच पुडीवर मिळवलाय, सगळ्या जगाला माहीत आहे."

"नाही मिळवला."

हा आवाज सासूबाईंचा होता. त्या सुनेच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात ओले होते.

"पहिल्या दोन वेळा घेतली मी पुडी," त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "दोन्ही बाळं गेली. तिसऱ्या वेळी तुम्ही मात्रा वाढवलीत, तेव्हा मी ती चुलीत टाकली. तिन्ही दिवस. दूध तेवढं तुमच्यासमोर प्यायले. हा जगला तो त्यामुळे."

बुवांच्या हातातला तराजू एका बाजूला कलला. "खोटं," ते म्हणाले. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा, अगदी हळू, "खोटं बोलतेस ना?"

त्यांनी नाही अशी मान हलवली.

सून सासूकडे वळली. "आई, तुम्हाला माहीत होतं. आणि मला म्हणालात, घे."

सासूबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि ओल्या हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडू लागल्या. सुनेने त्यांना उठवलं नाही. तेवढं मोठं मन तिच्यापाशी त्या दिवशी नव्हतं.

म्हातारीने पोरीचं मनगट धरलं. "चल. यांच्या घरचे तमाशे आपल्याला काय करायचेत? दुसरीकडे मिळते पुडी. बाजाराच्या त्या टोकाला एक जण देतो म्हणे."

"पण आत्या, ही म्हणते..."

"चल म्हणते ना!"

पोरगी ओढली गेली. पायरी उतरताना तिने मान वळवून सुनेला विचारलं, "मग मी घरी काय सांगू?" उत्तर ऐकायला ती थांबू शकली नाही. गर्दीत दोघी दिसेनाशा झाल्या. तिचं घर कुठे, तिचं नाव काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आपण बत्ता खाली ठेवला म्हणून पुडी थांबत नाही, हे सुनेला त्या पोरीच्या पाठमोऱ्या आकृतीने शिकवलं. तिने फळीवरून उरलेल्या पुड्या उचलल्या, पितळी डबी उचलली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

"बाबांना पोलीस नेतील!"

"नेतील कदाचित."

"आणि मग आपलं काय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही येताय का?"

तो वडिलांकडे पाहत राहिला. बुवा तराजूसमोर बसून होते. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या नाड्या पाहिल्या, ते स्वतःचंच मनगट धरून बसले होते. त्यांनी सुनेला अडवलं नाही. नवरा जागचा हलला नाही. ती एकटीच निघाली. गल्लीच्या वळणावर थोरली धावत आली आणि न विचारता तिच्या बरोबरीने चालू लागली.

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडली, हुंगली नाही, लगेच मिटली. मग खुर्ची पुढे सरकवली. "बसा. कुणी दिलं तुम्हाला हे?"

"दिलं माझ्या सासऱ्यांनी," ती म्हणाली. "आणि कुटलं मी. नऊ वर्षं. शेकडो बायकांसाठी. दोघांची नावं लिहून घ्या. आणि बाजाराच्या त्या टोकाला आणखी एक जण आहे, तिथे आज एक पोरगी गेलीय. आधी तिला शोधा."