पहिली पायली देवाची

माझा फोन वाजला तेव्हा तो लावणारी रागिणी माझ्यासमोर हातभर अंतरावर बसली होती. उचलला तर तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज. ‘वीज पडणार आहे. झाड सोडा, मेंढरं घेऊन वाड्यावर चला.’

मला हसू आलं. म्हटलं, “अगं, तोंडानं सांग की! मी काय इथं मेंढरं चारून राहिलो व्हय?”

रागिणी माझी चुलतबहीण. हिंगोलीत हळदीच्या एका आडतीत कॉम्प्युटरवर काम करते. मी मेंढरांना जंताचं औषध न्यायला साखऱ्याहून आलो होतो आणि फुकटचा चहा पिऊन जावं म्हणून तिच्याकडे टेकलो होतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं, पण आमच्या गावाकडं, सेनगावच्या अंगाला आभाळ काळंभोर झालं होतं.

आमच्या शिवारात एक गुराखी विजेनं गेला, तेव्हापासून या पोरीनं हे फोनचं खूळ डोक्यात घेतलं. वादळाचा इशारा मोबाइलवर आला की ती कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आपल्या प्रोग्रामचं नाव टाइप करते आणि त्याच ओळीत पुढं माणसांची नावं लिहिते: दगडोबा शिवहार नेमसिंग देविदास. एंटर दाबलं की प्रोग्राम ती ओळ वाचतो आणि एकेकाला फोन लावतो. शिवहार म्हणजे मी. नेमसिंग आणि देविदास तांड्यावरचे, त्यांच्या शेळ्या आमच्या शेजारीच चरतात. आणि दगडोबा म्हणजे तिचे वडील, माझे काका. त्यांचं नाव पहिलं, कारण थोरल्याला मागं टाकायची आमच्यात रीत नाही.

“आबांसोबत कोण हाये आज?” रागिणीनं वडिलांबद्दल विचारलं.

“एकलेच हायेत. पण मी संगं न्हाई म्हणून आज त्यांलाबी तुहा फोन गेला असंल की.”

“व्हय, सगळ्यांलाच जातो.”

विषय इथंच संपायचा. पण मला गप्प बसवतंय कुठं! मी म्हणालो, “तसा त्यांला कधी येतच न्हाई म्हणा. मलाच येतो. काका म्हणले, एका कळपाला दोन फोन कशाला, पोरगी शहाणी झाली.”

रागिणीचा कप ओठापर्यंत जाऊन तिथंच थांबला.

“कधीच येत न्हाई?”

“पोळ्याच्या आधी यायचा दोघांलाबी. आता न्हाई येत.”

“अन् मी विचारलं तवा तू काहून म्हणला, फोन आला म्हणून?”

“आला व्हता की! मला!”

तिनं कप ठेवला तो बशीच्या बाहेर. चहा टेबलावर सांडला, तिचं लक्षच नव्हतं. पोळ्याच्या सुमारास तिनं हा प्रोग्राम आडतीतल्या कॉम्प्युटरसाठी दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून काढला होता. तोच तिनं पडद्यावर उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“दादा, आधीच्या भाषेत नावांच्या रांगेत सगळ्यात पुढं प्रोग्रामचं सोताचंच नाव उभं राहतं. त्याला काय फोन लावायचा? म्हणून पहिलं नाव सोडून द्यायचं. मी ते ध्यानात ठेवलं व्हतं, पहिली पायली देवाची म्हणून.”

हे मात्र मला बराबर कळलं. आमच्या घरी अजून ज्वारी पायलीनं मोजतात. काका पहिली पायली भरून बाजूला ओततात, ती देवाची, ती मोजायची नाही. मोजणी दुसऱ्या पायलीपासून. रागिणी लहानपणी त्या राशीशेजारी बसूनच मोजायला शिकली.

“मंग नव्या भाषेत काय झालं?”

“नव्या भाषेत त्या रांगेत प्रोग्रामचं नाव नसतंच. पहिलं येतं ते माणसाचं. अन् मी सवयीनं तिथंबी पहिलं सोडलं.”

आजवर मी आणि काका माळावर एकत्र असायचो, माझा फोन वाजला की दोघंही निघायचो. आज मी इथं चहा ढोसत बसलो होतो.

रागिणीनं काकांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. मी नेमसिंगला लावला. तो केव्हाच तांड्यावर पोचला होता.

“दगडोबा?” तो म्हणाला. “माळावर दिसले व्हते. कडुलिंबाखाली मेंढरं घालून उभे व्हते. मी हाक मारली, पण वाऱ्यात ऐकू गेली नसंल.”

हे मी रागिणीला सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं.

मोटरसायकलवर ती माझ्यामागे बसली आणि आम्ही माळाकडे सुटलो. वाटेत पाऊस लागला, सुयांसारखा तोंडावर मारत होता. एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती. माळाखाली गाडी टाकली आणि आम्ही चिखलातून पळत वर गेलो.

लिंब उभा चिरला होता. त्याच्या बुडाशी मेंढरं एकमेकांवर पडलेली, एकही हलत नव्हतं. आणि थोड्या अंतरावर, ओढ्याच्या काठी, काका उघड्यावर बसले होते. मांडीवर एक कोकरू होतं, जिवंत.

“आबा!” रागिणी त्यांच्या अंगावर जाऊन पडली.

“हे कोकरू ओढ्यात घसरलं,” काका मोठ्यानं ओरडून बोलत होते. कानठळ्या बसल्या होत्या, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. “काढाया गेलो, अन् मागं आगीचा लोळ पडला. फोन पिशवीत व्हता, पिशवी लिंबाला. जळाली. आज शिवहार संगं न्हाई म्हणून तुहा फोन मला आला असंल, पोरी. मलाच ऐकू आला न्हाई. माहीच चूक.”

मला वाटलं, राहू दे. म्हातारा जगला, आता कशाला सांगायचं? मी तिला खुणावलंही. पण ती काकांच्या कानाला तोंड लावून साऱ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडली.

“आबा, मी फोन केलाच न्हाई! तुमचं नाव पहिलं व्हतं. मी पहिलं सोडून दिलं, पहिल्या पायलीवानी!”

काका तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग त्यांनी मान वळवून लिंबाखालच्या मेंढरांकडे बघितलं.

“देवाला दाणे काढायचे असत्यात, पोरी,” ते म्हणाले. या वेळी आवाज अगदी हळू होता. “माणूस न्हाई.”

आणि मग कोकरू माझ्या हातात देऊन ते लिंबाखालची मेंढरं मोजायला उठले.