सोळा पूर्ण

माणसाचं वय त्याला विचारू नये, त्याच्या धाकट्या भावाचं विचारावं. कामगार खात्यात एकतीस वर्षं घासून मी कमावलेलं शहाणपण एवढंच, पण बावनकशी. कामावर ठेवलेल्या पोराला 'तुझं वय काय' म्हटलं की पढवलेल्या पोपटासारखं उत्तर यायचं, 'सोळा पूर्ण'. नाक पुसता न येणारं पोरसुद्धा छाती काढून 'सोळा पूर्ण' म्हणायचं. मग मी वही मिटायचो, पेनाला टोपण लावायचो. चौकशी संपली असं वाटून समोरचा सैल पडला की मायेनं विचारायचं, घरी धाकटं कोण आहे? केवढा आहे? तुझ्याहून कितीनं लहान? स्वतःच्या वयाबद्दल खोटं बोलायला आईबाप, मालक, मुकादम सगळे शिकवतात. भावाच्या वयाबद्दल शिकवायचं एकाही शहाण्याला सुचत नाही. अकलेचे कांदे सगळे.

ही युक्ती मी जेवताना घरात इतक्यांदा सांगितली आहे की हल्ली मी 'वही मिटायचो' म्हटलं की सूनबाई पाणी आणायच्या निमित्तानं उठते. ऐकून घेते ती एकटी माझी नात.

नात यंदा शाळेतून सुटली. घरात तिला मिस्त्री म्हणतात. नवव्या वर्षी तिनं माझं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, त्याबद्दल मी तिला बोललो होतो. तिनं ते जोडलं तेव्हापासून ते एक मिनिटही मागे पडलेलं नाही, आणि मी तिला पुन्हा बोललेलो नाही. तिला यंत्रदुरुस्ती शिकायची होती. त्यासाठी शहरात एक तंत्रशाळा आहे. पंधरा पूर्ण झालेल्याला घेतात, गुणही तिचे पुरेसे होते. अडलं एका ओळीवर. अर्जासोबत कोणत्याही कामाच्या जागी चार आठवडे काम केल्याचा दाखला हवा, निदान अर्ध्या दिवसाचं तरी. आणि कामावर ठेवायचं तर सोळा पूर्ण हवीत. मिस्त्रीला सोळा पूर्ण व्हायला सात आठवडे होते, अर्जाची मुदत पाच आठवड्यांत संपत होती. यंदा अर्ज गेला नाही तर गुपचूप कॉमर्सला बसायचं, असं तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं. तिचा बाप म्हणजे माझाच मुलगा. विमा कंपनीत खुर्ची उबवतो आणि मुलीनंही एखादी खुर्ची उबवावी असं त्याला वाटतं.

मी तिला घेऊन तंत्रशाळेत गेलो. खिडकीतला कारकून कान कोरत होता. मी म्हटलं, तुम्ही पंधराव्या वर्षी घेता, सोळाव्याच्या आत काम कुणी देत नाही, मग दाखला पोरांनी आभाळातून आणायचा का? त्यानं काडी बघितली, पुसली, आणि सांगितलं की कामाच्या वयाचं ते दुसरं खातं बघतं. त्या दुसऱ्या खात्यात मी एकतीस वर्षं काढली. तिथं कुणी असा प्रश्न घेऊन आलं तर आम्हीही हेच सांगायचो, की प्रवेशाचं ते लोक बघतात. हे मी त्याला सांगितलं नाही. आपल्याच पंक्तीतला माणूस निघाला म्हणून काही मला उमाळा आला नाही.

मग आमची वरात दुकानोदुकानी निघाली. खेळण्यांच्या दुकानात पाटी होती, सुट्टीसाठी अर्धवेळ मदतनीस पाहिजे. आत मालक म्हणाला, अठरा पूर्ण हवीत. म्हणजे जी खेळणी पोरांसाठी आहेत, ती विकायला पोरं चालत नाहीत, मिशीवाला पाहिजे. पुस्तकवाल्याला अठराही पूर्ण हवी होती आणि दोन वर्षांचा अनुभवही. अनुभव कुठून आणायचा, हे त्याच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसावं. बेकरीवाला मात्र मला ओळखत होता. मी आत शिरताच तो इतका वाकला की मला त्याचं टक्कल वाचता आलं. सोळाच्या आत मी कुणाला ठेवतच नाही साहेब, तो म्हणाला. हे सांगत असताना त्याच्या शेजारी स्टुलावर उभं राहून एक दहा वर्षांचं पोर गल्ला सांभाळत होतं. तो घरचा आहे, बेकरीवाला म्हणाला. बरोबर आहे. घरचं पोर कामगार नसतं, ते कलम मला तोंडपाठ आहे. घरचं पोर दिवसभर राबलं तरी ते संस्कार, बाहेरचं दोन तास राबलं की गुन्हा.

माझी नात अर्जाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून चालत होती. तिसऱ्या दिवशी तिनंच धुलाई कारखान्याची जाहिरात आणली. सुट्टीपुरते चादरी घडी करायला हात हवेत, सकाळचे चार तास, वय सोळा पूर्ण, सोबत वडीलधाऱ्याची सही. जन्माचा दाखला मागितलेला नव्हता. वडीलधारा सांगेल ते वय.

तो कारखाना मला चांगला माहीत होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं धुतल्या जात. त्याच्या जुन्या मालकाला मी चुरगळे म्हणायचो, कारण दिवसाला हजार चादरी इस्त्री करणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा शर्ट कायम चुरगळलेला असे. बावीस वर्षांपूर्वी मी तिथं एक पोरगी पकडली होती आणि चुरगळेला दंड ठोकला होता. त्या वर्षी वरिष्ठांनी माझ्या फाइलवर 'कार्यक्षम' असा शेरा मारला.

आयुष्यभर मी एका जमातीचा तिरस्कार केला, ती म्हणजे मुलाचं वय वाढवून सांगणारे बाप, काका आणि मामे. काय ती त्यांची तोंडं असायची. डोळे माझ्या बुटांवर आणि तोंडात 'सोळा पूर्ण, साहेब'. असल्या माणसांना मी कधी बसायला खुर्ची दिली नाही. आता मी त्यांच्यातला होणार होतो. मी स्वतःला समजावलं की सात आठवडे म्हणजे काही खोटं नव्हे, घाई आहे. प्रत्येक मामा स्वतःला हेच समजावत असणार.

फाटकापाशी मिस्त्री थांबली आणि म्हणाली, "आजोबा, आत मी बोलेन. तुम्ही फक्त सही करा."

"मला शिकवतेस?"

"नाही. पण मी पाठ केलंय. धाकट्याचं विचारलं तर बारा सांगायचं."

पाहा, पोरगी किती हुशार. त्या युक्तीचं उत्तर तिनं आधीच तयार ठेवलं होतं. मला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला की माझं डोकं चालत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चुरगळे केव्हाच मरून गेला होता. हजेरीच्या टेबलाशी एक बाई बसली होती, पस्तिशीची, हात कोपरापर्यंत लाल, वाफेनं भाजून भाजून निबर झालेले. चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, आणि मागे पोलादी रुळांचं मोठं इस्त्रीयंत्र घरघरत होतं. मिस्त्रीचे डोळे तिकडेच लागले. बाईनं नातीला शाळा विचारली, पाठीचा काही त्रास आहे का विचारलं, चार तास उभं राहता येईल का विचारलं. नातीनं सगळ्याची धड उत्तरं दिली. वय विचारल्यावर तिनं सोळा पूर्ण सांगितलं, पापणीही न लववता. मग बाईनं माझ्याकडे बघितलं.

"सोळा पूर्ण," मी म्हणालो. माझा आवाज हुबेहूब त्या मामांसारखा आला. नजर मात्र मी बुटांवर जाऊ दिली नाही, तिच्या डोक्यावरच्या पंख्याकडे लावली.

बाईनं नोंद केली. मी सही केली. ती नातीला म्हणाली, जा, जवळून बघून ये यंत्र, मघापासून मान तिकडेच आहे तुझी, फक्त पिवळ्या पट्टीच्या आत जाऊ नकोस. मिस्त्री जवळजवळ पळतच गेली. मला हायसं वाटलं. इतकं सोपं असेल तर नोकरीची एकतीस वर्षं मी कुणाला घाबरवत होतो, असाही एक विचार मनात येऊन गेला.

बाईनं रजिस्टर मिटलं. पेनाला टोपण लावलं. मला बसायला खुर्ची पुढे केली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, नात गुणी दिसते. मी म्हटलं, आहेच. ती म्हणाली, तिचं लक्ष यंत्राकडे आहे, चादरींकडे नाही. मी हसलो आणि घड्याळाचा किस्सा सांगितला. ती मनापासून हसली. माझे किस्से ऐकून घरात कुणी हसून आता बरीच वर्षं झाली आहेत.

"घरी हिच्या पाठचं कुणी आहे का?" तिनं विचारलं.

"आहे की, नातू. महा उचापती. अकरा वर्षांचा आहे, सात आठवड्यांनी बारा पूर्ण होतील. आणि गंमत बघा, दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला. बरोबर चार वर्षांचं अंतर, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. एकाच केकमध्ये भागतं आमचं."

मी हे सांगून हसतही होतो. ती हसत नव्हती. तिचा लाल हात मिटलेल्या रजिस्टरवर सपाट ठेवलेला होता, आणि शेजारी ते टोपण लावलेलं पेन होतं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अकलेचे कांदे, असं मी आयुष्यभर ज्यांना म्हणत आलो, त्यांच्यात इतका मोठा कांदा मी पाहिलेला नव्हता.

"साहेब, तुम्ही मला ओळखलं नाहीत," ती म्हणाली. "मी तुम्हाला फाटकातच ओळखलं."

तिनं टेबलावर बोट टेकवलं.

"याच टेबलाशी उभी होते. तुम्ही वही मिटलीत आणि विचारलंत, धाकटा केवढा आहे. मी सांगितलं, अकराचा आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो आजारी असायचा, त्याची चौकशी कुणी करत नसे. मला वाटलं, एवढा मोठा साहेब, पण माणूस चांगला आहे."

यंत्राची घरघर चालू होती. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणालो, "नियम होता."

"आहे ना," ती म्हणाली. "अजूनही आहे."

तिनं रजिस्टर उघडलं, नातीच्या नावावर आणि माझ्या सहीवर एक सरळ रेघ मारली आणि मिस्त्रीला हाक मारली. तिच्याशी ती माझ्यापेक्षा किती तरी चांगलं वागली. म्हणाली, मलाही तुझ्या आजोबांनी याच टेबलाशी परत पाठवलं होतं, सोळा झालीस की त्याच दिवशी ये, जागा ठेवते. मिस्त्रीनं विचारलं नाही की काय झालं. तिनं रेघ बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. एकतीस वर्षं मी माणसांकडे ज्या नजरेनं बघत आलो, ती नजर कशी लागते ते मला पहिल्यांदा समजलं.

घरी जाताना ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. अर्जाची पिशवी आता छातीशी नव्हती, हातात लोंबकळत होती. सात आठवड्यांनी जागा मिळून उपयोग नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती कॉमर्सला जाईल, तिचा बाप पेढे वाटल्यासारखं तोंड करील, आणि मी जेवताना खाली मान घालून जेवीन. तिनं मला बोलायला हवं होतं. 'फक्त सही करा' असं तिनं बजावलं होतं, त्याची आठवण तरी करून द्यायला हवी होती. मी ते सगळं ऐकून घेतलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. मला वाटलं, आता बोलेल.

"आजोबा, त्या बाईंना तुम्ही पकडलं होतं ना? ती भावाच्या प्रश्नाची गोष्ट तीच ना?"

मी मान हलवली.

"मग त्यांच्या भावाचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि आजही नाही. वय तेवढं लिहून घेतलं होतं, अकरा.