स्वखुशीने सोडलेली जागा

वर्षभर वाल्मिकने त्या दोन व्हाउचरांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आणखी काही दिवस गप्प राहिला असता तर ती आपसूक बाद होऊन गेली असती. पण घरात सोनालीसारखी मुलगी असली की आपसूक काही बाद होत नाही. जानेवारीत तिने विषय काढलाच.

"बाबा, ती विमानाची व्हाउचरं या महिन्यात संपतायत. मोठीआईला काशीला न्यायचंय ना? मग त्याच्यावरच जाऊन या की. दोन तिकिटं निघतात. एक तुमचं, एक मोठीआईचं."

वाल्मिक नुकताच दुकानातून आला होता. कुंभिवलीला हायवेला लागून त्याचं नळ-पाइपांचं दुकान, आणि घर इकडे दहिवलीला. एक चप्पल काढून झाली होती, दुसरी पायात तशीच राहिली.

ओटीवर सोनालीची मोठीआई, ठकूवहिनी, वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ही त्याच्या थोरल्या भावाची, आबाजीची बायको. आई गेली तेव्हा वाल्मिकला नीट बोलताही येत नव्हतं. त्याला न्हाऊमाखू घातलं ते हिने, शाळेच्या पहिल्या दिवशी फरफटत नेलं तेही हिनेच. तिच्या पोटी मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख करत बसायला या दिराने तिला कधी सवड दिली नाही. आबाजीला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. त्याच्या थोड्या अस्थी मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून परसातल्या उंबराला टांगल्या होत्या. घरात आणायच्या नसतात. वर्षाच्या आत त्या गंगेत सोडायच्या, एवढंच आता वहिनीचं मागणं होतं.

"फुकट हायेत गं ती तिकिटं?" तिने सोनालीला विचारलं.

"फुकटच. मागे ते विमान रद्द झालं ना, त्याची भरपाई म्हणून कंपनीने दिली."

वहिनीने शेंगांचं सूप बाजूला सारलं. डोळ्यांना पदर लावला. "बघा भावजी. तवा देवाला मी काय काय बोलले. आन् त्यानं तवाच ह्यांच्या अस्थींची सोय करून ठेवली व्हती."

"आपण रेल्वेनं जाऊ वहिनी," वाल्मिक घाईने म्हणाला. "इमानाबिमानाची कटकट कशाला?"

"ह्या गुडघ्यांनी रेल्वे? आन् देवानं दिलेलं वाया घालवू व्हय?"

स्वयंपाकघराच्या दारात अंबाबाई, वाल्मिकची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नवऱ्याकडे एकदा पाहून ती तांब्यासकट आत वळली. विमान रद्द झालंच नव्हतं, हे त्या घरात त्या दोघांनाच ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. आबाजी अंथरुणाला खिळला आणि त्याने एकच धोशा लावला, गंगेचं पाणी पाज. कर्जतच्या बाजारात गंगाजलाच्या बाटल्या मिळतात, त्या त्याला चालेनात. आपल्या माणसाने स्वतः काशीला जाऊन, घाटावर भरून, तोंडाला कथलाचा डाक लावून बंद केलेला गडूच हवा. त्याच्या बापाला त्याने तसाच पाजला होता, रेल्वेने जाऊन-येऊन. वाल्मिक म्हणाला, रेल्वेला दिवस लागतील, मी विमानाने जातो. भावाच्या अंगात तेवढा धीर नाही हे त्याला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर विमानात बसायची हौसही होती. अंबाबाईलाही बरोबर घेतलं. सोनालीने तिकिटं काढली. दोघांनी गंगेत बुडी मारली, तांब्याचा गडू भरला, तांबटाकडून तोंडाला डाक लावून घेतला. संध्याकाळी परतायचं विमान.

आणि तिथे विमानतळावर, सगळे रांगेत उभे असताना, कंपनीची एक पोरगी हसत हसत आली. जागांपेक्षा तिकिटं जास्त विकली गेली होती. कोणी दोघं आपखुशीने थांबायला तयार असतील तर आजची रात्र हॉटेल, जेवण, उद्या सकाळचं विमान, वर पुढच्या प्रवासाची दोन व्हाउचरं. ग्रामसभेत जन्मात कधी हात वर न केलेला वाल्मिक, त्याने तिथे सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"अवो, नको," अंबाबाई बाही ओढत म्हणाली. "थोरले भावजी वाट बघत असतील."

"दुपारी फोन केला व्हता ना मी? पेज प्याला म्हनाली वहिनी. एका रातीनं काय व्हतंय?"

त्या रात्री तो इतक्या मऊ गादीवर झोपला की फोन वाजलेला त्याला ऐकू आला नाही. आबाजी पहाटे गेला. ते संध्याकाळचं विमान धरलं असतं तर वाल्मिक मध्यरात्रीच्या आत ओटीवर असता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला तेव्हा भावाला अंघोळ घालून तिरडीवर ठेवलं होतं, माणसं ताटकळली होती. वहिनी एवढंच म्हणाली, "फोडा भावजी. आता तरी पाजा." पेचकसाने डाक उचकटताना त्याच्या हाताला कापलं. वहिनीने हनुवटी धरली, त्याने पाणी ओतलं. ते आत गेलंच नाही. ओठांच्या कोपऱ्यातून कानाकडे ओघळलं आणि तिरडीच्या बांबूवरून खाली सांडलं.

कोणीतरी विचारलं, उशीर कसा झाला रं? तेव्हा तो बोलून गेला, इमान रद्द झालं. आदल्या संध्याकाळी हॉटेलातून फोनवरही त्याने तेच सांगितलं होतं. तेव्हा ते नुसतं लाजेखातर होतं. आता ते भावाच्या चितेवर चढून बसलं.

सोनालीने विषय काढल्यापासून अंबाबाई त्याच्या मागे लागली होती.

"वहिनींना सांगा. तुमच्या तोंडून कळू दे."

"सांगतो. तिकिटं झाली की सांगतो."

"तिकिटं झाल्यावर काय सांगनार? त्या मावलीला त्याच तिकिटावर बसवून नेनार काय तुमी?"

वाल्मिकचा हिशेब घाबरट माणसाचा होता. सोनाली मोबाइलवर काय ते बोटांनी करील, आपण त्या वेळी दुकानात असू, तिकिटं येतील, आपण वहिनीला हाताला धरून विमानात बसवू, खिडकीशी बसवू, काशीला तिच्या पायाशी बसून सेवा करू, आणि मग घाटावर केव्हातरी, अस्थी सोडून झाल्यावर, बोलू. किंवा नाही बोलणार. भित्र्या माणसाला पुढचं सगळं असं सोपं दिसतं.

रविवारी सोनालीने त्याला दुकानात जाऊच दिलं नाही.

"ॲपवर होत नाहीये बाबा. काउंटरवर हातात दिलेली व्हाउचरं म्हणे फोनवरूनच वटतात. आणि ज्याच्या नावावर आहेत त्यानेच बोलायला लागतं. बसा इथे."

तिने ओटीवर मधोमध पाटावर फोन ठेवला आणि स्पीकर लावला. वहिनी शेजारी येऊन बसली, मांडीत शेंगांचं सूप, बाजूला पिशवीत आधार कार्ड. आपलं नाव विमानवाल्यांना सांगायचं म्हणून तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. अंबाबाई दारात उभी राहिली. फोनमध्ये बराच वेळ गाणं वाजत होतं, आणि ते कधी थांबू नये असं वाल्मिकला वाटत होतं.

"नमस्कार, काय मदत करू?" एका मुलीचा आवाज आला. चक्क मराठी. वहिनी खूश झाली.

सोनालीने नंबर सांगितले. वाल्मिकने नाव, जन्मतारीख सांगितली. पलीकडे टकटक झालं.

"मिळाली सर. तारीख शिल्लक आहे, काही अडचण नाही. फक्त एक खातरजमा करायची आहे. मागच्या फेब्रुवारीत वाराणसीहून मुंबईला येताना तुम्ही दोन जागा स्वखुशीने सोडल्या, त्याबद्दल ही व्हाउचरं दिलेली आहेत. बरोबर?"

"त्या वेळची हायेत," वाल्मिक म्हणाला.

"जागा तुम्ही स्वखुशीने सोडल्या होत्या ना सर? हो किंवा नाही, असं स्पष्ट सांगा. कॉल रेकॉर्ड होतोय. त्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

"अहो मॅडम, चुकतंय तुमचं," सोनाली मध्येच म्हणाली. "ते विमान रद्द झालं होतं." तिने बापाकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "बाबा?"

शेंगा सोलायचा आवाज थांबला होता. वाल्मिकने वहिनीकडे पाहिलं नाही. नाही म्हटलं तर व्हाउचरं बुडणार, अस्थी उंबरालाच राहणार. आणि आता नाही म्हणून झाकण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"धन्यवाद सर. आता प्रवाशांची नावं सांगा."

"थांब बाय," वहिनी फोनकडे वाकली. "मला सांग. ते इमान रद नव्हतं झालं?"

"नाही आजी. इथे दिसतंय ना, वेळेवर सुटलं होतं. मुंबईला पाच मिनिटं आधीच उतरलं."

"बरं," वहिनी म्हणाली. सरळ बसली. हातातली शेंग तशीच हातात होती.

"वहिनी," वाल्मिकचा आवाज फुटला. "मला वाटलं, एका रातीनं काय... पेज प्याला म्हनालात तुमी..."

"प्याले व्हते. दुपारी प्याले. रातीला त्यांची नजर दारावरनं हलंना. वाल्मिक आला का, वाल्मिक आला का. मी म्हनले, इमान रद झालं, त्यात त्याचा काय दोष? असंल तितून निघाला असंल, पायी सुदा निघाला असंल तुमच्यासाठी. मरत्या मानसाची शपथ घेऊन सांगितलं मी त्यांना. तवा कुठं डोळं मिटलं. खोट्या शपथेवर गेला रं तुझा भाऊ."

लहानपणी मारताना ती त्याला अरेतुरे करायची. त्याच्या लग्नानंतर आज पहिल्यांदाच. वाल्मिक तिच्या पायांकडे वाकला, तिने पाय जवळ ओढून घेतले.

"हॅलो? सर, लाइनवर आहात का?"

"हाये गं बाय," वहिनी म्हणाली. "लिव. एक नाव माझं, ठकूबाई आबाजी. दुसरं सोनालीचं."

"वहिनी, तसं नका करू." वाल्मिक रडकुंडीला आला होता. "अग्नी मी दिला. अस्थी मीच सोडायला पायजे. दादाला तेवढं तरी..."

"सोनाली सोडंल. तिलाबी त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय." तिने शेंग उकलली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता, तसा तो कधीच चढत नसे. "तुमी ती जागा सोडा, भावजी. तुमाला येतं सोडता."

ती पुन्हा भावजी म्हणाली, तेव्हा मघाचं ते अरेतुरेसुद्धा बरं होतं असं वाल्मिकला वाटलं.

सोनाली तोंडावर हात धरून बसली होती. अंबाबाई दारातच खाली टेकली. बाहेर परसात वाऱ्याने उंबराची फांदी हलली असावी, मडकं खोडाला लागल्याचा बारीकसा आवाज आला.

"सर," पलीकडची मुलगी हळू म्हणाली. तिलाही काहीतरी समजलं असावं, पण तिला तिचं काम होतं. "व्हाउचर तुमच्या नावावर आहे. तुमच्या जागी दुसऱ्या प्रवाशाचं नाव घालायला तुमची परवानगी लागेल. हो किंवा नाही, सांगता?"

वाल्मिकने वहिनीकडे पाहिलं. ती पुढची शेंग निवडत होती.

"हो," तो म्हणाला. "घाला."

"स्वखुशीने ना सर?"

त्याने पाटावरचा फोन उगाच सरळ केला. मग वहिनीनेच फोनकडे तोंड करून सांगितलं, "हो म्हन तू बाय. लिव तसं." आणि सोनालीकडे वळून, मडकं मांडीवर घेऊन बसू देतात का विमानात, की खाली ठेवायला लावतात, ते विचारून घ्यायला सांगितलं.