डोंगरावरचा पुसलेला टोला

जुन्या जालन्यात एका कापडदुकानाच्या माडीवर दीपमाला जुने नकाशे संगणकावर चढवायचं काम करी. यंदा काम आलं ते परमुलखातल्या कोळशाच्या डोंगराचं. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाच्या मोजणीदारांनी काढलेला नकाशा. त्यात चढउताराच्या रेषा, खाणींची तोंडं, मजुरांचं गाव, सगळं होतं. पोर सपाट मुलखातली, पण रेषांवरून बोट फिरवलं की कुठला चढ दम काढणार, हे तिला बरोबर कळायचं.

गावापासून फटकून, डोंगराच्या खालच्या अंगाला एक टोला, म्हणजे तिकडच्या बोलीत वेगळी वस्ती, होता. त्याचं नाव काय, तर सरळ जातीचं! दीपमालाच्या अंगाची लाहीलाही झाली. असलंच नाव तिच्या आजोबांच्या वस्तीला होतं. तिनं ते पुसलं, टोल्यातली घरं गावात मिसळून टाकली आणि मर्दुमकी गाजवल्यासारखी घरी गेली.

ती मर्दुमकी अंगाशी आली. टोला उठवून खाण वाढवणाऱ्यांनी सरकारी सुनावणीत तिचाच नवा नकाशा पुढं केला. टोला कधी नव्हताच म्हणे, ही माणसं मागाहून येऊन बसली, यांना बदली जागा कसली द्यायची? सुनावणीचे अधिकारी उद्या तिला खरं-खोटं विचारायला फोन करणार होते.

"शाई उडाली होती, अक्षर लागलं न्हाई, असं सांग," मालक मच्छिंद्र म्हणाले. "बाकी मी बघतो."

जेवताना तिनं वडिलांना सगळं सांगितलं. वसंता आयुष्यभर चळवळीत राहिलेला माणूस.

"आपल्या वस्तीचं जुनं नाव आम्ही बी काढून टाकलं," ते म्हणाले. "पर आधी भीमनगरचा बोर्ड रंगवला, मंग जुना उतरवला. तू त्यांना कोणतं नाव दिलं? इचारलं व्हतं का त्यांना?"

तिनं आपली चीड शमवून घेतली होती. ती माणसं तिच्या ध्यानातच आली नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. समोर बसलेले मच्छिंद्र डोळ्यांनी खुणावत होते.

"अक्षर स्पष्ट होतं, साहेब. मी पुसलं. मूळ नकाशाची प्रत पाठवते."

"नाव काय होतं टोल्याचं?"

ती दोनदा अडखळली. जे नाव तिनं जन्मात तोंडातून काढलं नव्हतं, ते तिनं सगळ्या ऑफिससमोर मोठ्यानं सांगितलं, आणि साहेबांना नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.