एर्लँकूरची उलटी पैज

एर्लँकूरमध्ये पैज लागलेला शेवटचा माणूस खाण बंद होण्याच्या आधीचा, आणि तोही पुढे बेल्जियमचा निघाला. पण म्हणून गाव पैजेला कधी चुकलं नाही. शनिवारी सकाळी गिस्लेनच्या बारमध्ये, जिथे तंबाखू आणि पैजेच्या चिठ्ठ्या दोन्ही मिळत, रांग असायचीच. चिठ्ठीवर फुटबॉलच्या प्रत्येक सामन्यापुढे तीन चौकोन. यजमान जिंकणार असतील तर एक, बरोबरी असेल तर 'न', म्हणजे फ्रेंचमधल्या 'नुल'चं पहिलं अक्षर, पाहुणे जिंकणार असतील तर दोन. आपला चौकोन पेनाने भरायचा, गिस्लेन ती चिठ्ठी यंत्रात सरकवणार आणि यंत्र पावती ओकणार. पावतीवर भाव छापलेला असे. पैज लागली, तर लावलेल्या पैशाला त्या भावाने गुणायचं. एर्लँकूरमध्ये गुणाकाराची वेळ कुणावर आली नव्हती. देशातल्या सगळ्यात श्रीमंत संघावर लावावं, तर त्याच दिवशी त्यांच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटे.

या अनुभवातून गावाने एक सिद्धांत काढला होता. आपण ज्यावर पैसे लावतो ते होत नाही, तेव्हा आपला संघ हरणार यावर पैसे लावावेत. दर सामन्याला घरटी दोन युरो, संघाच्या पराभवावर. नजर लागलेल्या पोरावरून मीठ-मिरच्या उतरवतात, त्याच भावनेने. संघ हरलाच, तर पैज लागल्याचे चार पैसे मिळायचे, पण ते बारच्या खात्यावर जमा करायचे आणि मुकाट पिऊन टाकायचे, त्याला पैज लागली असं म्हणायचंच नाही. ते घरी नेणं अशुभ. उतारा घरी नेत नाहीत.

ओदिलों संघाचा कपडेपट सांभाळायचा. एकतीस वर्षं. अकरा सदरे, अकरा विजारी, मोज्यांच्या बावीस घड्या, आणि राखीव खेळाडूंचं निराळं. वॉशिंग मशीन तीन बदलली, प्रशिक्षक एकोणीस. त्याला पैज लावायला कायद्याने बंदी होती. दर शरदात पॅरिसहून एक चांगल्या सुटातला माणूस येई, खेळाडूंपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना एका खोलीत बसवी आणि सांगे, की फुटबॉलवर कसलीही पैज लावायची नाही, एका युरोचीही नाही, दुसऱ्या कुणाच्या हाताने लावायची नाही, आणि आतली बातमी बाहेर सांगायची नाही. मग सगळे सही करत. ओदिलोंनेही एकतीस सह्या केल्या होत्या. सही करून तो बारमध्ये जाई आणि मेव्हण्याला, काझिमीरला, दोन युरो देई.

"तुझे दोन आणि माझे दोन," काझिमीर म्हणे. "कायद्याच्या दृष्टीने तू मला कॉफी पाजलीस."

"कॉफी दीड युरोला आहे."

"मग अर्धा युरो सुद्धा मला पाजलास."

त्या वर्षी संघ दुसऱ्या श्रेणीत तळापासून तिसरा आला. तळाचे दोन थेट खाली जातात. तिसऱ्याला खालच्या श्रेणीतल्या एका संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. जिंकला तर राहिला. हरला तर तिसरी श्रेणी, टीव्हीचे पैसे बंद, आणि एखाद्या वर्षात व्यावसायिक संघाचा दर्जाही गेला. अध्यक्षांनी सांगूनच टाकलं होतं, की खाली गेलो तर कपडेपटाला पगारी माणूस परवडणार नाही, खेळाडू आपापले मोजे घरी धुतील. ओदिलोंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. पेन्शनचं त्याला फारसं नव्हतं. सकाळी सातला कपडेपटाचं दार उघडल्यावर ओल्या सुताचा आणि मलमाचा जो वास येतो, त्याशिवाय दिवस कुठून सुरू करायचा हे त्याला माहीत नव्हतं.

पहिला सामना तिकडे एक-एक असा सुटला. दुसरा घरी होता. सकाळी ओदिलोंने काझिमीरच्या हातावर पन्नासची नोट ठेवली.

काझिमीरने ती दिव्याकडे धरून पाहिली. "खरी आहे?"

"हरण्यावर लाव. सगळी."

"अरे, तुझ्या बायकोला, मोरिसेतला, कळलं तर ती तुला याच नोटेत गुंडाळून पुरेल."

"पन्नास गेले तरी चालतील. जायलाच हवेत."

गिस्लेन काउंटरमागून म्हणाली, "सकाळपासून अख्खं गाव आपल्या हरण्यावरच लावतंय. भाव उतरला. यंत्राला वाटत असेल, या गावाला कसलं तरी आतलं कळलंय."

"यंत्राला काय कळतं," काझिमीर म्हणाला. "ते पॅरिसचं आहे."

नव्वद मिनिटं बरोबरीत गेली. पंचाने दिलेली वरची चार मिनिटंही गेली. शून्य-शून्य. ओदिलों मैदानाकडे जाणाऱ्या बोळात पाण्याच्या बाटल्यांच्या टोपल्यावर बसून होता. त्याच्या मनात विचार आला, की उतारा लागू पडला, पैज गेली, पन्नास बुडाले. त्याने आयुष्यात इतक्या आनंदाने पैसा घालवला नव्हता. मग जादा वेळाचा अर्धा तास सुरू झाला आणि एकशे अठराव्या मिनिटाला पाहुण्यांचा एक बुटका मध्यरक्षक, ज्याचं नाव कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूखाली उभा राहिला. चेंडू त्याच्या खांद्याला लागून आत गेला.

संघ खाली गेला आणि पैजही बुडाली. कारण पैज नव्वद मिनिटांची आणि पंचाच्या वरच्या चार मिनिटांची असते. जादा वेळ तिच्यात धरत नाहीत. हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. उतारा ज्याच्याकडे पोचायचा त्याच्याकडे पोचला होता, आणि त्याने तो अक्षरशः पाळला होता: नव्वद मिनिटांत संघ हरला नव्हता.

ओदिलों कपडे गोळा करायला खोलीत गेला. खेळाडू भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यातला एकही एर्लँकूरचा नव्हता. गोलरक्षक झाग्रेबचा, कर्णधार डाकारचा, बाकीचे मार्सेच्या आणि लियोंच्या उपनगरांतले. तीन वर्षांहून जास्त कुणी गावात राहिलं नव्हतं. कर्णधाराने आपला सदरा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "माफ कर, म्हाताऱ्या."

तेवढ्याने ओदिलोंचा बांध फुटला.

"तू कशाला माफी मागतोस," तो म्हणाला. "मी पन्नास लावले होते रे. आपल्या हरण्यावर. पूर्वी कधी दोनच्या वर गेलो नव्हतो. अजून काय करायला हवं होतं मी?"

शॉवरचं पाणी कुणीतरी बंद केलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या कुठल्याही बारमध्ये हे वाक्य बोललं असतं, तर लोकांनी त्याला जवळ घेऊन रडायला खांदा दिला असता. इथे गोलरक्षकाने हळूच आपली पिशवी पायापाशी ओढून घेतली.

खोलीतली गोष्ट पॅरिसला पोचली, आणि पत्र तीन आठवड्यांनी आलं.

पॅरिसला शिस्तपालन समितीपुढे ओदिलों लग्नातला कोट घालून गेला. साक्षीदार म्हणून काझिमीर होता. त्याने वाटेत खायला मारोल हे उग्र वासाचं चीज घेतलं होतं, आणि त्यामुळे लिफ्टमध्ये त्या दोघांनाच जावं लागलं. समितीत तीन जण होते. मधल्या बाई वकील होत्या आणि त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. तेच जास्त कठीण गेलं.

"आपण आपल्याच संघाच्या पराभवावर पैसे लावलेत."

"हो, बाई."

"म्हणजे पराभव झाल्यास आपला लाभ होता."

"लाभ झाला नाही. पैज बुडाली."

"गुन्हा जिंकण्याचा नाही, लावण्याचा आहे. आपल्याला संघ हरावा असं वाटत होतं का?"

"हरू नये म्हणून तर लावले."

बाईंनी लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकाने हे लिहून घेतलं आणि पेन थांबवून पुन्हा वाचलं.

काझिमीर उभा राहिला. "साहेब, बाई, आमच्याकडे सगळेच लावतात. डॉक्टर, पाद्री, नगराध्यक्ष. त्याची आई तर अंथरुणावरून लावायची."

"सगळेच?" डावीकडचे गृहस्थ पुढे सरकले. "त्या दिवशी त्या एका दुकानातून पराभवावर चारशे बारा चिठ्ठ्या आल्या. आम्ही ते संशयास्पद म्हणून नोंदवलं होतं. तेव्हा आतली बातमी गावभर होती तर."

"कुठली बातमी?" ओदिलोंने विचारलं. "आम्ही हरतो, ही?"

निकालात लिहिलं होतं, की संबंधिताचे स्पष्टीकरण सुसंगत नाही. निष्ठावान कर्मचारी आपल्या संघाचा विजयच इच्छितो, आणि पैज ही इच्छेची सर्वात स्पष्ट खूण होय. दोन वर्षं कुठल्याही संघात कसलंही काम करण्यास आणि सामन्याच्या दिवशी मैदानात येण्यास मनाई. अध्यक्षांना ते सोयीचं झालं. एकतीस वर्षांची भरपाई द्यावी लागणार होती, ती आता द्यावी लागली नाही. किल्ली ओदिलोंकडून पाकिटात मागवून घेतली.

गाव वाईट वागलं नाही. गिस्लेन त्याच्या कॉफीचे पैसे घेईना. लोक त्याला बघून आवाज खाली आणत, जणू घरात कुणी गेलंय. पण शनिवारी तीन वाजता सगळे गळपट्टे बांधून मैदानाकडे निघत आणि तो खिडकीपाशी एकटा राही. पहिल्या महिन्यात दर वेळी कुणीतरी म्हणे, "तुझ्या वाटचं ओरडतो हं." पुढे कुणी म्हणेना.

नोव्हेंबरात राष्ट्रीय चषकाची सोडत निघाली आणि पहिल्या श्रेणीतला एक बडा संघ एर्लँकूरला खेळायला येणार असं ठरलं. गावाने अठरा वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं. सामन्याच्या सकाळी बारमध्ये उभं राहायला जागा नव्हती. रांगेतला प्रत्येक माणूस दोनचा चौकोन भरत होता. गिस्लेनचा हात यंत्रावरून निघत नव्हता.

ओदिलों रांगेत आला. लोकांनी त्याला पुढे जाऊ दिलं.

"आता तू संघाचा नाहीस, तुला मेव्हण्याचा हात लागत नाही," काझिमीर म्हणाला. "कायदेशीर माणूस झालास."

ओदिलोंने पेन घेतलं आणि एकचा चौकोन भरला. सावकाश, कडेपर्यंत. त्यावर शंभरची नोट ठेवली.

गिस्लेनने चिठ्ठी पाहिली. "चुकून भरलास, ओदिलों. दुसरी घे."

"चुकून नाही. एर्लँकूर जिंकणार."

"आम्ही तुझं काय वाईट केलं?" काझिमीरने हळू विचारलं.

"वाईट? मी संघाच्या विजयावर लावतोय. पॅरिसच्या बाईंनी लिहून दिलंय, निष्ठावान माणूस असाच लावतो. घरी कागद आहे, दाखवतो."

"ओदिलों, नको रे. लोकांनी मुलांना नवे बूट घेतलेत आजच्यासाठी."

ओदिलोंने नोट बोटाने गिस्लेनकडे सरकवली. तिला नकार देता येत नव्हता. वयाने तो सज्ञान होता आणि पैसे खरे होते. तिने चिठ्ठी यंत्रात सारली. यंत्राला काहीच आश्चर्य वाटलं नाही. पावतीवर भाव आला, एकाला अकरा.

त्याने पावती घडी न करता खिशात ठेवली आणि दाराकडे वळला. मघाशी पुढे जाऊ देणारे लोक आता वाट द्यायला भिंतीला टेकले. कुणाचा कोट त्याला लागला नाही. मागे काझिमीर चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढून घाईघाईने दोनचे चौकोन भरत सुटला होता, आणि रांगेतले बाकीचे खिसे चाचपत होते.